संपर्क करा

नौशाद, तू विचारलंस म्हणून सांगतो,
नाहीतर हे कुणाला सांगायची इच्छा नव्हती.

रुवीतल्या त्या खोलीत, एसीच्या घरघरीत,
वरच्या बंकवर पोटाशी लॅपटॉप घेऊन
मी दुसरं दुकान उघडलं.
खरं दुकान खाली होतंच, सहा बाय आठ,
काउंटरवर डाखणी, भोवती जुने रेडिओ,
टेपरेकॉर्डर, कुणी न्यायला न आलेला ग्रामोफोन.
पण बिजू म्हणाला, आता शटर जगभर उघडतं.

नाव घेताना हात आखडला नाही.
परकार, रेघ, रेडिओ, रेघ, दुरुस्ती, रेघ, मस्कत.
दुरुस्तीचं इंग्रजी स्पेलिंग मला एकच सुचलं,
गिऱ्हाइकांना सात.
"रेघ म्हणजे आडवी. खालची नाही हो, मधली,"
एवढं सांगेपर्यंत
समोरच्याचा बॅलन्स संपायचा.

पान काळंकुट्ट, त्यावर लाल अक्षरं, लुकलुकणारी,
उरुसाला दर्ग्यावर माळा सोडतात तशी.
उघडलं की आपोआप पेटी वाजायची.
कुणी ऑफिसात उघडलं असेल
तर तो पुन्हा का आला नाही, हे मला आता कळतं.
फोटो जसे काढले तसे चढवले, एकेक इतका जड
की पान उतरेपर्यंत चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा.
आणि मधोमध पिवळ्या टोपीचा एक माणूस, फावडं मारणारा:
काम चालू आहे.
दोन वर्षं मारत होता बिचारा.
इथं जूनमध्ये दुपारी साइट बंद ठेवतात,
त्याला तेवढीही सुट्टी नव्हती.

तळाशी आकडा फिरायचा, किती जण येऊन गेले.
अकराशे बारा झाले त्या रात्री
मी खोलीला बिर्याणी घातली.
शमशुद्दीनचाचा हाडूक चोखत म्हणाले,
"परकार, तू स्वतः दिवसातून किती वेळा उघडतोस?"

पासवर्ड एक्सचेंजच्या कॅलेंडरवर लिहिला होता,
डिसेंबरच्या पानावर.
जानेवारीत नवं कॅलेंडर आलं.

हस, हस. मीही हसतो.
पण आकड्याच्या खाली एक बटण होतं: संपर्क करा.
तिथं लिहिलेलं कुठं जातं
हे मी कधी विचारलंच नाही.
खेडच्या बाजारात पाटी लावणारासुद्धा
रस्ता ओलांडून एकदा ती वाचून येतो.

बिजू कायमचा कोचीला निघाला,
जाता जाता म्हणाला, "इक्का, तो खण उघडतोस ना कधी?"

त्रेचाळीस पत्रं.
एकाला तुटलेली टेप जोडून हवी होती,
तिच्यात बहिणीच्या हळदीची गाणी.
एकानं फक्त दर विचारला.
एकानं पेटीबद्दल शिवी दिली, रास्त होती.
आणि सूरहून उम्म राशिद, मोडक्या इंग्रजीत:
वडील खाटेवर आहेत, त्यांचा लाकडी रेडिओ गप्प झालाय,
येता का? भाडं देऊ.
आठवड्यानं पुन्हा, येता का?
तिसऱ्यात नुसतंच प्रश्नचिन्ह.
तारीख, त्याच्या आदल्या रमजानची.

मी रात्रभर दोन बोटांनी उत्तरं लिहिली.
तिला लिहिताना "उशीर" या शब्दापाशी
बराच वेळ बसून राहिलो.
चार दिवसांनी तिचं उत्तर आलं, एक ओळ:
रेडिओ अजून तसाच आहे.

शुक्रवारी सूरची बस धरली,
पिशवीत डाखणी, दोन व्हॉल्व्ह वर्तमानपत्रात गुंडाळून.
वडिलांबद्दल तिनं लिहिलं नव्हतं, मी विचारलं नाही.
भिंतीशी खाट होती. तिच्यावर घड्या घातलेल्या चादरी.
एक तार सुटली होती. फक्त एक तार.
दहा मिनिटांचं काम.
आधी खरखर, मग कुणीतरी हवामान सांगू लागलं,
समुद्र शांत राहील वगैरे.
भाडं मी घेतलं नाही, खजूर घ्यावे लागले.

तर नाव छोटं घे. रंग तुझ्या आवडीचा असू दे.
आणि ते बटण लावशील तेव्हा
सगळ्यांच्या आधी तूच दाब, मला काहीतरी लिही.
नुसतं "चाचा" लिहिलंस तरी चालेल.
पोचलं की फोन करीन.