नाळेचा खड्डा

डोलकर आली सत्याऐंशीच्या जानेवारीत,
डागा दवाखान्यात, पहाटे, वजन दोन किलो आठशे.
थुप्तेन अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात. तोच वॉर्ड,
तोच कोपऱ्यातला पलंग, एक पाय विटेवर टेकवलेला.
दोन्ही वेळी ड्युटी माझी.
आई स्वेटर विकायची बर्डीच्या फुटपाथवर,
थंडी सरली की परत गोंदियाकडे, त्यांच्या वसाहतीत.
कळा देतानाही तिच्या बोटाला लोकरीचा धागा गुंडाळलेला.
मीच सोडवला.

रजिस्टरात रकाने होते: वेळ, वजन, रडलं का.
जन्मस्थळ नागपूर, हे मी न विचारता लिहायची.
विचारायचं काय? पलंग तर समोरच होता.

मधल्या जुलैत, एक तारखेला,
कायद्यातली एक ओळ बदलली.
वॉर्डात त्या दिवशी विशेष काही नाही.
पंखा बंद. सात बाळंतपणं, त्यातलं एक पायाळू.
कोणी येऊन सांगितलं नाही की सिस्टर,
आजपासून नुसतं इथं रडून भागणार नाही,
आईबापातल्या एकाचा तरी कागद लागेल.

डोलकरकडे आता पासपोर्ट आहे.
कोर्टाच्या पायऱ्या झिजवून, पण आहे.
थुप्तेनकडे नोंदणीचं पुस्तक, परकीय म्हणून.
मुदत संपली की पोलिसांत जायचं, शिक्का घ्यायचा.
आणि बहीण बोलते शाळेतली मराठी,
हा मात्र दारातूनच ओरडतो,
"काऊन बे विन्या, मावशीले च्या नाही देऊन राह्यला?"
शिक्का मारणारा हवालदार सांगलीचा.
त्याला याचं अर्धं बोलणं कळत नाही.

माझा विनय जेवता जेवता वाद घालतो,
"भाडेकऱ्याले पोरगं झालं म्हणून घर त्याचं होते का, आई?"
तसं तो खोटं बोलत नाही. घरं अशीच राखतात लोक.
घटना लिहितानाही म्हणे हाच घोळ पडला होता.
आपल्या वऱ्हाडाकडच्याच एकानं विचारलं होतं,
मुंबईला विमान घटकाभर थांबलं
आणि बाई तिथंच बाळंत झाली, तर?
हसले असतील काही, काही नसतील.
तेव्हा मातीची बाजू वर राहिली.
सदतीस वर्षांनी रक्तानं पाय आत टाकला,
आणि दोन हजार चारपासून तर
दुसऱ्या पालकाचीही झडती.

मी काय बोलणार? माझा बाप काटोलच्या नर्सरीत डोळे बांधायचा.
जंबेरीच्या खुंटाला चीर द्यायची, संत्र्याचा डोळा बसवायचा,
वरून पट्टी, फार घट्ट नाही.
जंबेरी आंबट, काटेरी. मुळं तिची, फळ दुसऱ्याचं,
पेटीवर नाव नागपूरचं.
हे सांगितलं तर विनय म्हणतो, "झाडाले मत नसते, आई."
तेही खरंच.

परवा थुप्तेननं विचारलं,
"मावशी, माही नाळ कुठी पुरली?"
आपल्यात हे टोमण्यानं विचारतात,
जागा अडवून बसलेल्याला: तुझी काय नाळ पुरलीय इथं?
याला मात्र खरंच जागा माहीत करून घ्यायची होती.

पुरायची भागीरथी. बादली घेऊन, दवाखान्यामागं,
कडुनिंबापलीकडं, रात्रभरातल्या सगळ्या एका खड्ड्यात,
इतवारीच्या हलवायाच्या सुनेची,
मोमीनपुऱ्याची, टिमकीची, याच्या आईची.
वर चुना. मग टाचेनं माती दाबायची.
कोणती कोणाची, तिलाही सांगता आलं नसतं.
भागीरथी गेली. तिथं आता स्कूटर स्टँड आहे.

मीच घेऊन गेले त्याला.
पोऱ्यानं दहाची पावती फाडली, गाडी लावली.
"इथीच कुठीतरी," मी म्हटलं.
तो खाली पाहत उभा राहिला, मागचे हॉर्न देईपर्यंत.
मग पावती खिशात न टाकता
पुस्तक उघडलं, शेवटच्या शिक्क्याचं पान काढलं,
आणि तिथं ठेवली.