नकाशातली नदी

सॉवर्बी ब्रिजच्या वाचनालयात गुरुवारी काउंटरवर मी असते.
अ‍ॅक्रॉइड येतात पावणेअकराला, टोपीवरचं पाणी झटकत,
आणि पुस्तक माझ्यापुढे सरकवतात,
नासलेलं दूध दुकानात परत आणावं तसं.

"अकराव्या पानावर सोडलं.
आधी हा नकाशाच बघ.
नदी डोंगरातून निघते एक, मैदानात होते दोन,
आणि दोघी दोन वेगळ्या समुद्रांना मिळतात!
एकतीस वर्षं कॅल्डरची पातळी मोजलीये मी, पोरी.
पाण्याला फक्त उतार कळतो.
भविष्यवाणी कळत नाही."

मग उरलेली फिर्याद:
प्रत्येक नावात मधेच एक स्वल्पविराम, वर टांगलेला,
दातात अडकलेल्या बडीशेपेसारखा.
शंभर माणसं सतरा दिवस घोड्यावर,
लीद कोण काढतं?
मेजवानी उठल्यावर भांडी कुणाच्या गळ्यात?
गुराखी म्हणून वाढवलेला पोरगा शेवटी राजाचाच निघणार,
आणि अख्ख्या राज्यात
गळका नळ बांधणारा एक माणूस नाही.

वाद घालता आला असता मला.
मी मिरजेची. आमचं आटपाट नगर
नकाशावाचूनच वसलेलं,
कुणी विचारलं नाही कुठल्या तालुक्यात.
पण आमची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण व्हायची,
इथे सातशे चार पानांनंतरही
पुठ्ठ्यावर लिहिलेलं: भाग पहिला.
म्हणून गप्प बसले.

असली पुस्तकं एनिड न्यायची, कापडी पिशवी भरून.
तिचं कार्ड मार्चमध्ये मीच बंद केलं.
कारणाच्या रकान्यात काय लिहायचं
ते यंत्र आधीच सुचवतं.

संध्याकाळी पुस्तकं लावताना
पान पाचशे अडतीसमधून पडलं
हॅलिफॅक्सच्या बसचं तिकीट,
परवाच्या सोमवारचं.
तिथे, तीन दिवस मेलेली राणी
डोळे उघडते
आणि विचारते,
खिडकी कुणी लावली?

समासात पेन्सिलीची एक बारीक आडवी रेघ,
पूर कुठवर चढला होता
याची पुलाच्या खांबावर करतात तशी.

मी भाग दुसरा शोधला.
हेब्डन ब्रिजच्या कुणीतरी नेलाय.
परत यायची तारीख
केव्हाच उलटून गेलीय.