पोच

वागळे इस्टेटमध्ये मी बुशिंग तपासते.
मापात नसेल तर लाल चिकटपट्टी,
तारीख, पाळी, मशीन नंबर,
आणि दोष एका ओळीत.
'फार वाईट' असं तिथे लिहिता येत नाही.
किती वाईट ते लिहायचं: सूत, अर्धं सूत.

तीच सवय घरी आणली.

घर म्हणजे मानपाड्याकडची रेंटलची बिल्डिंग,
आमची इमारत धोकादायक ठरली तेव्हा
मिळालेली चौदाव्या मजल्यावरची एकशेसाठ फुटं.
"दोन वर्षांपुरतं," म्हणाले होते.
धाकटी तेव्हा दुसरीत होती,
आता दहावीचा फॉर्म भरलाय.

तेराव्यापासून वरचा जिना पोरांचा.
सकाळी बल्ब लावला की संध्याकाळी काचा.
स्पीकर, बाटल्या,
क्लासवरून येणाऱ्या मुलींच्या पावलापावलाला शिट्टी.
इनास डिमेलो दार उघडून ओरडले,
"काही पोच आहे का रे तुम्हाला?"
दुसऱ्या दिवशी त्यांच्या कुलपात काडी मोडलेली.

मग मी वही घेतली, दोनशे पानी.

१२ मार्च, रात्री ११.४० ते १.१५. स्पीकर.
१४ मार्च, ७.०५. बल्ब फुटला.
आवाज ऐकला. फोडताना पाहिलं नाही.
हे शेवटचं वाक्य लिहायला फार वेळ लागला,
कारण कुणी फोडला ते मला ठाऊक होतं.

एकशेबाराला फोन केला, गाडी आली.
लिफ्ट बंद. हवालदार नवव्यापर्यंत चढले.
त्यांची धाप त्यांच्याआधी वर पोचली,
पोरं दुसऱ्या जिन्यानं खाली.

अर्ज लिहिला, पण पहिली सही कोण करणार?
पहिलं नाव म्हणजे पहिलं दार.
फिरोजा आपा पेन हातात घेऊन नुसत्या बसल्या.
तेव्हा सुलभा तारमळेंनी चहा संपवला,
बशी कागदावर उपडी ठेवली,
कडेनं पेन्सिल फिरवली.
त्या गोलावर सगळ्यांनी सह्या केल्या, आऱ्यांसारख्या.
एकवीस. आणि मधोमध रजपूत आजोबांचा अंगठा.

दोन प्रती. एक चौकीत, एक पालिकेत,
प्रत्येकीची झेरॉक्स आमच्याकडे.
स्थावर मालमत्तावाल्या क्लार्कनं कागद फिरवला, पुन्हा फिरवला.
"मुख्य अर्जदार कोण?"
आपा म्हणाल्या, "फिरवत राहा, भाऊ."
हसला बिचारा. झेरॉक्सवर शिक्का मारला, जरा तिरका:
पोच.
मी फुंकर घालून वाळवला.

अठरा दिवसांनी जाळीचे दिवे लागले,
रात्रीचा वॉचमन आला, झोपाळू का होईना.
आणि एका रविवारी हणमंत माझ्या दारात, एकटाच.
"वहीत माझं नाव किती वेळा?"
नाव एकदाही नव्हतं. उघडून दिली.
उंबऱ्याबाहेर उभा राहून वाचत गेला, ओठ हलवत.
"आठ एप्रिलला दंगा नव्हता, ताई.
आजोबांना छातीत दुखत होतं, खुर्चीत बसवून खाली नेत होतो.
'सरका सरका' तेच ओरडत होतो आम्ही."

आजोबांना विचारलं. खरं होतं.

कारखान्यात चुकलेली नोंद खरवडत नाहीत.
एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी,
बाजूला सही, तारीख.
मी केली. मग पेन त्याच्यापुढे धरलं.
बराच वेळ गेला.
हणमंत सोपान आवटे, असं पूर्ण लिहिलं त्यानं.

शनिवारी स्पीकर अजून लागतो. मी लिहिते.
दोन पोरं माझ्याशी बोलत नाहीत,
डिमेलोंनी कडी बदलली ती बदललीच.
पण वहीच्या शेवटच्या पानापासून उलटा
त्यानं एक रकाना पाडलाय:
लिफ्ट बंद, तारीख, तास.
अक्षर असं की तीनचा सहा वाटावा.
नवा अर्ज त्याच्यावरूनच चाललाय.
बशी आता पुरत नाही.
सुलभाताई ताट धुतायत.