ओळ क्रमांक एक

पडद्यावर लिहिलं होतं, स्थापना पाच मिनिटांत.
मी दिगंबर तांबटांना तेच सांगितलं
आणि त्यांनी समाधानला
दोन कटिंग आणायला पाठवलं.

शनिवार, दुपारचे चार.
सातपूरचे कारखाने बंद, म्हणून भांडी बाजारात गिऱ्हाईक बरं.
दारात घंगाळं तापलेली,
मी गल्ल्यामागे, हंड्यांच्या उतरंडीखाली,
मांडीवर लॅपटॉप.

आधी म्हणाला, डेटाबेसशी संपर्क होत नाही.
पासवर्ड भाच्याकडे. भाचा हिंजवडीत, फोन उचलत नाही.
सापडला शेवटी दिनदर्शिकेच्या डिसेंबरमागे,
दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी:
आजोबांचं नाव, पुढे पितळेचा भाव.
"तेव्हाचा," तांबट म्हणाले
आणि तो आकडा बघत जरा वेळ गप्प बसले.

मग फोल्डरला लिहायची परवानगी नव्हती. दिली.
मग पीएचपी जुनं निघालं. बदललं.
मग निळी पट्टी निम्म्यावर येऊन थांबली.
"कुठवर आलंय?" चष्मा कपाळावर सारून त्यांनी विचारलं,
पुराच्या दिवसांत विचारतात तसं.
"दुतोंड्याच्या कमरेला," मी म्हटलं.
एवढं त्यांना पुरलं.

मग पांढरं.
नुसतं पांढरं, चूकसुद्धा नाही.
चूक दिसली तर माणूस तिच्याशी भांडतो तरी.
होस्टिंगच्या मदतकक्षात कुणी प्रांजल होता,
"मॅडम, कॅशे साफ करून बघा."
तीनदा केली.
समोर समाधान चिंच लावून कळशी घासत होता.
त्याच्या हाताखालून निदान काळं तरी निघत होतं.

रात्री इंदिरानगरला, घरी,
जेवणाचं ताट बाजूला सारून
चुका दाखवायची कळ चालू केली.
एकच वाक्य आलं:
आउटपुट आधीच सुरू झालं आहे, ओळ क्रमांक एक.

ओळ क्रमांक एक वाचली.
स्वच्छ. एक कोनी कंस, एक प्रश्नचिन्ह, तीन अक्षरं.
परत वाचली.
एकोणीस वर्षं मी लग्नपत्रिका जुळवल्यात,
रफारावरून गिऱ्हाइकांशी वाद घातलेत,
माझ्या नजरेतून काही सुटत नाही
असं प्रेसमध्ये म्हणायचे.

बाणाची कळ दाबली. कर्सर हलला नाही.
परत दाबली. हलला.
म्हणजे तिथे कुणीतरी होतं.

आणि मी ओळखलं त्याला.
जोडणारा. रुंदी शून्य.
र ला पुढच्याच्या डोक्यावर चढू न देता
त्याच्या खांद्याशी टेकवणारा.
तो नसला की दर्‍यांचा दर्या होतो,
लग्नघरच्या आचार्‍यांना लोक
आचार्य समजून वाकून नमस्कार करतात.
किती पत्रिका त्याच्या जिवावर छापल्या मी.
मराठीतून इंग्रजीत येताना
माझंच बोट रेंगाळलं असणार,
आणि हा दाराबाहेर उभा राहिला,
कुणी काही बोलायच्या आधी
तीन बाइटचं काहीतरी बोलून.
मी मात्र दुपारभर
हिंजवडीच्या भाच्याला शिव्या घातल्या.

एक बॅकस्पेस.
पडद्यावर काहीच पुसलं गेलं नाही.

रविवारी सकाळी दुकानात नेऊन उघडलं.
फोटो नाहीत, भाव नाहीत,
यंत्रणेनं स्वतःहून टाकलेला एक लेख फक्त:
नमस्कार मंडळी.
तांबटांनी बोट ठेवत वाचलं.
"हे तुम्ही लिहिलंत?"
"नाही, आपोआप येतं. पुसायचं असतं."
"आज नको," ते म्हणाले
आणि समाधानला हाक मारली,
कालच्या कटिंगचे पैसे
द्यायचे राहिले होते.