ओरिजिनल

परिपत्रक आधी माझ्या काचेवर आलं.
विद्यापीठाचं मशीन बंद, भगवानमामा शिपाई म्हणाला,
साठ प्रती मार, पाठपोट नको.
हिरवा उजेड इकडून तिकडं सरकला
आणि मी वाचलं, एरवी वाचत नाही:
चार हजार आठशे साठच्या जागी
अकरा हजार दोनशे.
खाली सही. ती प्रत्येक प्रतीत नीट उमटली.

बेगमपुऱ्यात माझं दुकान. मागं मकबरा,
पुढं खोल्यांची रांग, एका खोलीत पाच पोरं, एक कुकर.
त्यांचं सगळं याच काचेवरून गेलंय,
जातीचे दाखले, टीसी, गॅपचं प्रतिज्ञापत्र,
कुणाच्या बापाचा मृत्यूचा दाखला, लॅमिनेशनसकट.
उत्पन्नाचा दाखला तर दरवर्षी.
गरिबीलाही मुदत असते: एकतीस मार्च.
मग परत सिद्ध करायची,
तलाठ्यापासून.

दुसऱ्या दिवशी दैवशाला आली.
भूगोल, एम. ए. दुसरं वर्ष, गाव घनसावंगीच्या अलीकडं.
निवेदन हातानं लिहिलेलं, एक वेलांटी चुकलेली नाही.
"काका, दोनशे प्रती. पैसे आंदोलन संपल्यावर."
म्हणालो, आंदोलन कधी संपलंय का बाई कुणाचं?
"मग व्याज लावा."
हसली, आणि हसता हसता पाटी बघितली.
एक रुपया खोडून दीड, जूनमध्ये, मीच केलेला.
"तुम्हीपण का, काका?"
रिम महागली, म्हणालो. टोनर महागलं.
खरंच महागलं होतं.
पण बोलताना माझाच आवाज मला
त्या परिपत्रकासारखा लागला.

मग पोरं बसली, मुख्य इमारतीसमोर.
साहेबांची गाडी मागच्या गेटनं जायला लागली.
तिसऱ्या दिवशी दैवशालानं डांबरावर
चुन्यानं मराठवाडा काढला, गोदावरीसकट,
आणि म्हणाली, ज्यानं त्यानं आपापल्या गावावर बसा.
मी दुकान बंद करून बघायला गेलो.
जिंतूरच्या दोघी जागेवरून भांडत होत्या.
भूम-परंड्याकडं गर्दी, मांडीला मांडी.
किनवटचा अत्राम पार तिकडं, टोकाला, एकटा,
त्याला चहा न्यायचा तर
अख्खी गोदावरी ओलांडून जावं लागे.
वरच्या खिडकीतून कुणी बघितलंच असेल
तर आठ जिल्हे उकिडवे बसलेले दिसले असतील.

नवव्या दिवशी परत भगवानमामा.
कारणे दाखवा. एकेचाळीस नावं, एकेचाळीस नोटिसा.
सगळी नावं माझ्या उधारीच्या वहीत होती.
मामा बाहेर बघत उभा राहिला.
मशीन बिघडलंय म्हणता आलं असतं.
म्हणालो नाही.
मारल्या. दीड रुपयानं. बिल पण दिलं.
मशीनला काय, निवेदन घाला, नोटीस घाला,
ते दोन्हीला सारखंच गरम होतं.

बाराव्या दिवशी घनसावंगीवर कुणी नव्हतं.
कुणी म्हणालं, भाऊ येऊन घेऊन गेला.
कुणी म्हणालं, वाळूजला पॅकिंगला लागली, नाइट शिफ्ट.
अत्राम म्हणाला, फोन लागतो, उचलत नाही.
तिची जागा त्यांनी रिकामी ठेवली, दप्तर ठेवून.

एकोणिसाव्या दिवशी स्थगिती आली.
रद्द नव्हे. पुढील आदेशापर्यंत.
पोरांनी तेवढ्यावरही गुलाल उधळला.
त्याच कागदाच्या शंभर प्रती माझ्याकडूनच नेल्या,
दैवशालाच्या दोनशेचे पैसे दिले, वर्गणी काढून.
मी एक रुपयानंच घेतले.
पाटी मात्र दीडचीच आहे अजून.

लोक झेरॉक्स घेऊन जातात,
ओरिजिनल काचेवर विसरतात. धंद्यात हे रोजचं.
तिचाही राहिलाय, उत्पन्नाचा दाखला,
ड्रॉवरमध्ये, प्लास्टिकच्या कव्हरात.
सर्व मार्गांनी वार्षिक रुपये अठ्ठेचाळीस हजार फक्त.
अंबडच्या तहसीलचा, की घनसावंगीच्या,
शिक्का जरा फिस्कटलाय.
कुणी तिकडं जाणारं असेल तर सांगा तिला,
चालतो म्हणावं अजून.
एकतीस मार्चपर्यंत.