आवाज सातवर ठेवा

फोल्कर्ट डाइकस्त्रा आधी नाकाने तपासायचा.
यंत्राचं झाकण उचलून, डोळे मिटून,
चुलीवरच्या पातेल्यावर वाकावं तसा वाकून
म्हणायचा, "मासळी."
म्हणजे कुठलातरी कपॅसिटर पाझरलाय.
चूक कधी झाली नाही. एकदाच झाली :
त्या दिवशी यल्मरच्या पिशवीत खरोखरच हेरिंग मासा होता.

बेचाळीस वर्षं त्याने कालव्यावरचा पूल उघडला, मिटला.
बोट आली की गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून
खाली सोडायचा, नाणी गोळा करायला.
त्याच बुटातून, तो सांगे, त्याचा पहिला संगणक वर आला;
एका जर्मन नावाड्याकडे सुटे पैसे नव्हते.
बूट वीतभर, संगणक हातभर.
आम्ही हसायचो, माप काढायचो नाही.

दर गुरुवारी, चीजच्या बंद पडलेल्या कारखान्यात,
जिथे भिंतींना अजून आंबूस वास येतो,
आम्ही नऊ-दहा जण
आणि माळ्यामाळ्यांवरून हाकललेली चाळीसेक यंत्रं.
त्याला हातगुण आहे म्हटलं की चिडायचा.
"हातगुण कसला? व्हिनेगर, कापूस, आणि घाई नाही."
बॅटरी फुटून हिरवं पडलेलं तांबं
तो पुसत बसायचा, तान्ह्याचे कान पुसावेत तसं.
आउक्येला डाग देताना भाजलं, तेव्हा
तिचा हात नळाखाली धरून
त्याने पुलाचे नियम म्हणून दाखवले, सगळे सव्वीस,
आणि तोवर नळ बंद करू दिला नाही.

मार्चमध्ये तो गेला.
पूल आता दुसऱ्या गावातून उघडतात,
कॅमेऱ्यात बघून.
शवपेटी समोर आली तेव्हा यल्मर पुटपुटला,
"झाकणाला सहा स्क्रू. त्याने चारच लावले असते.
पुढच्याला उघडायला सोपं."
कुणी रागावलं नाही.

मग आम्हीच यंत्रं उघडायला लागलो, एकेक, नाइलाजाने.
आणि झाकणांच्या आतल्या अंगाला, पेन्सिलीने :
"९४, नोव्हेंबर. पंखा बदलला. पाऊस."
"डावा स्क्रू घट्ट पिळू नये. रुसतो."
"याची मालकीण वारली. मुलाला नको होतं. मला हवं होतं."
आणि एकात, अगदी तळाशी,
जिथवर सहसा कुणाचा हात पोचत नाही :
"इथवर आलास? मग आधी कॉफी घे."

घेतली. गार झालेली, थर्मासातली.

काल निन्काने, वय वर्षं अकरा, त्याची एक कॅसेट लावली.
फीत फिरली. आधी खोकला. मग तो :
"फोल्कर्ट बोलतोय. खेळ मी लिहिलाय, हसू नका.
आवाज सातवर ठेवा. आठवर नको. चला."
आणि मग ती किंचाळी, लांबच लांब,
पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी,
जिच्यातून खेळ आत उतरतो.

यंत्र त्याच्या बोलण्याकडे लक्ष देत नाही.
त्याला ती नुसती खरखर;
पलीकडचा सूर लागेपर्यंत ते थांबून राहतं.
आमचं उलटं झालं.
सूर लागला रे लागला की आम्ही फीत मागे घ्यायचो.
पुन्हा खोकला. पुन्हा सातवर.
पुन्हा मागे.
पडद्यावरचा हिरवा चौकोन
लुकलुकत राहिला, तसाच.

शेवटी निन्काच वैतागली :
"खेळायचंय की नाही?"

चार मिनिटं किंचाळी चालली, कुणी बोललं नाही.
मग पडद्यावर एक पूल आला, ठोकळ्या-ठोकळ्यांचा,
डावीकडून एक बोट,
आणि निन्का म्हणाली, लवकर सांगा,
उघडायचं बटण कुठलं?

आम्ही नऊ जण उभे तिच्यामागे.
एकालाही ठाऊक नव्हतं.