धोट्यासाठी माग

मागाखालीच जन्मला, म्हणून नाव धोटा.
आई त्याची भटकी, कुठून आली कुणाला ठाऊक,
सुताच्या गाठोड्यावर व्याली
आणि पाचव्या दिवशी ट्रकखाली गेली.
नायनांनी याला कापसाच्या बोळ्याने दूध पाजलं.
खटक-खट, खटक-खट,
त्यातच डोळे उघडले, त्यातच झोपायला शिकला.
माग थांबला की उठून बसतो,
लाइट गेली का, असं तोंड करून.

सोलापूरची थंडी ती काय, म्हणतात पुण्याचे पाहुणे.
त्यांनी पहाटे पाचला आमच्या कारखान्याच्या फरशीवर
पाय ठेवून बघावा. चारही.
आम्ही त्याला नापास चादर दिली,
जिच्यातल्या एका मोराला डोकंच नाही.
त्याच मोरावर तो हनुवटी टेकतो.

नाताळच्या सुट्टीत बहिणीचा ओजस आला,
एकतीस तारखेच्या केकमधले बेदाणे
वेचून वेचून याला भरवत बसला.
रात्री धोटा ओकला, मग पुन्हा, मग नुसतं पाणी.
रिक्षात नायनांनी त्याला शालीत धरलं होतं,
स्वतः बनियनवर.
हत्तुरे डॉक्टरांनी माकडटोपी वर सरकवून विचारलं, किती खाल्ले?
सात, म्हणाला ओजस.
मग रडत म्हणाला, सतरा.

दोन दिवस सलाईन.
निघताना डॉक्टर बोटं मोडत म्हणाले,
बेदाणा, द्राक्ष, चॉकलेट, कांदा. विसरायचं नाही.
आणि गड्ड्याच्या दारूकामाला याला दाराआड ठेवा.
दरवर्षी दुसऱ्या दिवशी माझ्याकडे रांग लागते,
हरवलेल्यांची नाही,
सापडलेल्यांची.

ओजसने जाण्याआधी मागाच्या लाकडावर खडूने लिहिलं:
धोटा. बेदाणे नाही.
अजून कुणी पुसलेलं नाही.

संक्रांतीला आईने गच्चीवरचा तुटका मांजा गोळा केला,
त्याच्या पायात जायला नको म्हणून.
तीन पिढ्या सूत हाताळलेला हात,
सवयीने बोटाला गुंडाळायला गेली
आणि बोट चिरलं.
हे सूत नव्हे, एवढंच म्हणाली,
आणि रक्त चोखत बसली.

किंक्रांत.
गल्लीतले सगळे माग बंद, सगळी गल्ली होम मैदानावर.
खिडक्यांच्या फटींत आम्ही टॉवेल कोंबले,
पट्ट्यावर माझा मोबाइल नंबर पक्क्या शाईने लिहिला,
दिवस मावळायच्या आत त्याला फिरवून आणलं.
तरी पहिला बार उडाला
आणि धोटा बंद मागाखाली शिरला,
स्वतःच्या मुताच्या थारोळ्यात.

नायनांना ऐकू येत नाही.
चाळीस वर्षं मागावर, कान तिथेच गेले.
ते खाली वाकून त्याच्या शेजारी बसले,
तळवा त्याच्या पाठीवर.
आला, म्हणाले.
मग थोड्या वेळाने, हा मोठा होता.
फटाके ते कुत्र्याच्या पाठीवर ऐकत होते.

मग उठले. कुणाला काही न विचारता
त्यांनी बटण दाबलं.

बीमवर एक तार नव्हती.
खटक-खट, खटक-खट,
रिकामा माग, पूर्ण वेगात.
गुर्रमकाका, गुडघ्यामुळे घरीच राहिलेले,
काठीने शटर बडवायला लागले:
नरसय्या, सणाला माग चालवतोस?
काही लाज?
मी दार उघडायला गेले नाही.
नायनांना तर ऐकूच आलं नाही.

किती वेळ गेला सांगता येणार नाही.
आईने एकदा मीटरकडे पाहिलं, एकदा कुत्र्याकडे,
आणि शेंगाची चटणी कुटायला गेली.
बिनडोक्याच्या मोरावर हनुवटी,
कान सैल, एक पाय झोपेत हलतोय.

साडेदहाला आभाळ गप्प झालं.
नायनांनी बटण बंद केलं.
धोटा लगेच उठून बसला,
आमच्याकडे बघत,
लाइट गेली का, असं तोंड करून.